तक्रारदार जागेवर हवा

आमच्या गल्लीतला रस्ता दर मंगळवारी वीतभर वर येतो. पहाटे डांबराचा वास सुटतो, रोलर घरघरत एकदा जातो, एकदा येतो आणि उजाडायच्या आत सगळं आटपलेलं असतं. खालचा रस्ता उकरून मग वरचा टाकायचा, ही पद्धत आमच्या शहरात नाही. जुन्यावर नवा, नव्यावर अजून नवा. कुणाला विचारलं तर म्हणतात, काम चालू आहे हे काय कमी आहे का.

आमचं घर बैठं आहे आणि ते जागचं हललेलं नाही. माझ्या लहानपणी आम्ही रस्त्यावरून तीन पायऱ्या चढून घरात यायचो. मग रस्ता उंबऱ्याला लागला. मग तीन पायऱ्या उतरून यायला लागलो. आता शिडी आहे.

मी साड्यांना पिको-फॉल करून देते. पुढच्या खोलीत खिडकीशी माझं मशीन आहे आणि गिऱ्हाइकं खिडकीतूनच साडी आत देतात. पूर्वी ती उभ्यानं द्यायची. मग वाकून द्यायला लागली, मग उकिडवं बसून. शेजारच्या लोहोकरेवहिनी तर हल्ली रस्त्यावर सरळ पालथ्या झोपतात आणि हात खाली सोडतात.

"कुमुदताई, मागच्या वेळी फॉल फिकट लागला होता हं," त्या झोपल्या झोपल्या सांगतात.

"इथं मला सगळंच तपकिरी दिसतं, वहिनी. रंग तुम्हीच वर जुळवून आणा."

मागून गाड्या हॉर्न वाजवतात. वहिनी पाय आखडून घेतात आणि गाड्या जातात. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर हल्ली मलाही वाटत नाही.

गल्लीतल्या बाकीच्यांनी आपापले उंबरे उचलून घेतले. खाली जॅक लावतात, घर जरा कण्हतं आणि वीतभर वर येतं. मग नव्या उंचीवर आलेल्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचं आणि गल्लीला चहा पाजायचा. दर बुधवारी कुणाकडे ना कुणाकडे चहा असतो. ज्यानं उंबरा उचलला त्याच्या दारातलं पाणी शेजाऱ्याकडे वळतं, म्हणून पुढच्या बुधवारी शेजारी उचलतो. शेवटी सगळ्यांचं पाणी आमच्याकडे यायला लागलं, कारण आम्ही उचललाच नाही. माझे वडील नको म्हणाले.

वडिलांना सगळी गल्ली नाना म्हणते, मीही नानाच म्हणते. घरात आम्ही दोघंच.

"रस्त्यानं खाली यावं," नाना म्हणाले. "चूक त्याची आहे. घरानं का म्हणून वर जायचं?"

मी गल्लीतल्या चहाला तेवढी जाऊन यायची आणि खाली येऊन पाणी उपसायची.

खिडकीला लागून रस्त्यात एक खड्डा आहे. ह्याच खड्ड्यात नानांची स्कूटर गेली होती. मागे आई बसली होती, मांडीवर दळणाचा डबा घेऊन. नानांना काही झालं नाही. डब्याचं झाकणसुद्धा उघडलं नाही. आईला दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. तिची एक चप्पल खड्ड्याच्या काठाशी डांबरात रुतून बसली होती. ती काढून घ्यायचं तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि मंगळवारी तिच्यावरून नवा थर गेला.

खड्डा मात्र तसाच राहिला. रस्ता टाकणारं खातं वेगळं, खड्डे बुजवणारं खातं वेगळं. रस्तेवाले खड्ड्याच्या कडेकडेनं डांबर टाकतात, खड्ड्याला हात लावत नाहीत. त्यामुळे रस्ता वर वर जात राहिला आणि खड्डा आपल्या जागी थांबला. आता तो आडाएवढा खोल आहे आणि आमची खिडकी त्याच्या तळाशी उघडते. समोरच्या भिंतीत रस्त्याचे थर दिसतात, खारी बिस्किटाला असतात तसे. नाना खुर्चीत बसले की बरोबर त्यांच्या नजरेसमोर एका थरातून आईच्या चपलेचा हिरवा अंगठा बाहेर आलेला आहे.

त्या थरांना कान लावला की आवाज येतात. प्रत्येक थरात त्या त्या वेळची वाहतूक अजून चालू आहे. सगळ्यात खाली टांगा जातो. त्याच्यावर सायकलींच्या घंटा, मग एक कल्हईवाला, मग कुठली तरी वरात. दुपारी काम नसलं की मी खिडकीतून अंग बाहेर काढून ऐकत बसते. चपलेच्या थराला मात्र नाना कान लावत नाहीत, आणि मलाही लावू देत नाहीत.

आई गेली त्याच आठवड्यात नानांनी खड्ड्याची तक्रार नोंदवली होती. "दुसरं कुणी पडायला नको," एवढंच ते फोनवर म्हणाले. पलीकडून सांगण्यात आलं, आमची माणसं पाहायला येतील, तक्रारदार जागेवर हवा. तक्रारदार जागेवर नसला तर तक्रार बंद.

तेव्हापासून नाना घराबाहेर गेलेले नाहीत. लग्नं झाली, मयतं झाली, माझ्या मावसभावाचं एकसष्टीचं जेवण झालं, नाना जागेवर. न्हावी शिडीनं खाली येतो आणि दर वेळी म्हणतो, नाना, एकदा वर चला, ऊन तरी बघा. नाना म्हणतात, आणि नेमके तेव्हाच ते आले म्हणजे?

नानांचा फोन साधा, मोठ्या बटणांचा आहे. बटण दाबलं की आतली बाई तो आकडा हिंदीत मोठ्यानं म्हणते. दर सोमवारी त्याच्यावर कॉर्पोरेशनचा फोन येतो. तिकडेही एक बाईच बोलते. "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे. समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा." नाना खिडकीबाहेर बघतात. खड्डा असतो. ते बटण दाबतात.

"दो," फोनमधली बाई म्हणते.

"धन्यवाद," कॉर्पोरेशनमधली बाई म्हणते आणि तक्रार पुन्हा चालू होते.

माणसं पाहायला येतच नव्हती असं नाही. यायची, पण गाडीतून उतरायची नाहीत. काच अर्धी खाली करून बघायची. उंटावरून शेळ्या हाकायच्या म्हटलं की असंच होणार. गाडीतून बघितलं की आमचा रस्ता सपाट दिसतो. नाना खालून ओरडायचे, "अहो, इथं आहे, इथं," पण तोवर काच वर गेलेली असायची. संध्याकाळी निरोप यायचा की जागेवर खड्डा आढळला नाही. नाना फोन हातात धरून खड्ड्याकडे बघत राहायचे.

दिवाळीच्या आधीच्या मंगळवारी रस्ता आमच्या छपरावरून गेला.

सकाळी मी पुढचं दार उघडलं तर समोर डांबर. मागचं उघडलं तर तिथंही डांबर. बोट लावून पाहिलं, अजून कोमट होतं.

"चोराची भीती गेली," नाना म्हणाले.

डोक्यावरून स्कूटरी जायला लागल्या. लोहोकऱ्यांनी त्यांची चारचाकी बरोबर आमच्या स्वयंपाकघरावर लावायला सुरुवात केली. ती सकाळी सुरू झाली की फडताळातले डबे वाजतात. एक दिवस जेवताना छताची माती नानांच्या वरणात पडली. त्यांनी ती बोटानं बाजूला केली आणि जेवत राहिले. मी ताट सरकवून बसले. माझ्या डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि ते जुळू नये असं वाटत होतं. हवा खड्ड्यातून येते. उजेड खड्ड्यातून येतो. दारं बुजल्यापासून शिडीही खड्ड्यातच आहे. आणि नाना इतकी वर्षं खड्डा बुजवा, खड्डा बुजवा म्हणून मागे लागलेत.

"नाना," मी म्हटलं, "उद्या त्यांनी खरंच बुजवला तर?"

"तर काय?"

"आपण बाहेर कुठून पडायचं?"

नानांनी घास गिळून बराच विचार केला. "पण तेव्हा खड्डा नसेल ना," ते म्हणाले.

"म्हणून तर विचारतेय."

"खड्डा नसला म्हणजे रस्ता चांगला असणार. रस्ता चांगला असला की माणूस जातो, येतो. त्यात अवघड काय आहे?"

ऐकताना मला ते पटलं. नंतर भांडी घासताना पटेनासं झालं. पुन्हा विचारायला गेले तर प्रश्नच धड मांडता येईना. बाहेर म्हणजे कुठं, आणि बुजणार म्हणजे नक्की काय, हे माझंच मला उलटसुलट व्हायला लागलं.

"तुम्ही तक्रार मागे घ्या," मी शेवटी एवढंच म्हटलं.

"तुझ्या आईला सांगितलंय मी."

"काय सांगितलंय?"

"बुजवून घेतो म्हणून."

"खड्ड्यात गेला तुमचा खड्डा," मी म्हणाले.

"तो आहे तिथंच आहे," नाना म्हणाले. "तीच तर तक्रार आहे."

मला त्यांचा संताप आला आणि संतापाच्या खाली भीती होती. आई गेली ती ह्याच खड्ड्यापायी. आता नानाही जायचे, आणि तेही स्वतः बोलावून. मी एकटी वर राहून काय करू? कुणाच्या साड्यांना फॉल लावत बसू? त्या रात्री मला झोप आली नाही. छपरावरून जाणारी प्रत्येक गाडी मला रोलर वाटत होती.

सोमवारी नाना आंघोळीला गेले असताना फोन वाजला. मी उचलला. निवारण झाले आहे, समाधानी असाल तर एक दाबा. समाधानी म्हटलं की तक्रार बंद, तक्रार बंद की खड्डा राहिला, खड्डा राहिला की नाना राहिले. हे मला एकदम लख्ख दिसलं आणि मी बटण दाबलं.

"एक," फोनमधली बाई एवढ्या मोठ्यानं म्हणाली की मोरीतला तांब्या वाजायचा थांबला.

नाना ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून बाहेर आले. कानामागे साबण तसाच होता. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"दाबलंस?"

मी मान हलवली.

"ते मी राखून ठेवलं होतं, कुमे. इतक्या वर्षांत एकदाही दाबलं नाही. तो बुजला की दाबणार होतो."

ते तसेच खुर्चीत बसले आणि तक्रार पहिल्यापासून नोंदवली. नाव, पत्ता, जवळची खूण. खूण म्हणून त्यांनी आमचंच घर सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मीही नाही. संध्याकाळी मी साबुदाण्याची खिचडी केली आणि दोघांनी खाल्ली.

त्यानंतर मी फोनला हात लावला नाही. म्हटलं, आलिया भोगासी. एवढ्या वर्षांत ज्यांना खड्डा सापडला नाही त्यांना आता काय सापडतोय? आमच्या शहराच्या कारभारावर माझा तेवढा विश्वास होता.

पण एका दुपारी मशीनवर बसलेली असताना अंधार झाला. वर बघितलं तर खड्ड्याच्या तोंडावर एका स्कूटरचं पुढचं चाक अधांतरी फिरत होतं. चालवणाऱ्याचे दोन्ही पाय काठावर टेकलेले होते. मागे एक बाई होती आणि तिच्या मांडीवर डबा होता. कसला ते दिसलं नाही. लोकांनी स्कूटर मागे ओढली, बाई त्याला काहीबाही बोलली आणि ते गेले.

नाना खुर्चीत पांढरेफटक झाले होते. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"डबा होता ना?" त्यांनी विचारलं.

"नव्हता," मी म्हटलं.

मग मी शिडी चढून वर गेले. आमच्याकडे खड्ड्यात कुणी पडू नये म्हणून त्याच्यात झाडाची फांदी रोवतात आणि तिला लाल चिंधी बांधतात. हे सगळ्या शहराला ठाऊक आहे, लहान मुलंसुद्धा करतात. मी लोहोकऱ्यांच्या शेवग्याची एक जाड फांदी तोडून आणली, काठाच्या भेगेत घट्ट रोवली आणि तिला लाल फॉलची पट्टी बांधली. नानांना खालून ती दिसत होती. ते रात्री दोन पोळ्या जास्त जेवले.

शेवगाच तो, कुठंही लागतो. आठवड्यात त्याला पानं फुटली.

लोहोकरेवहिनींच्या साड्या द्यायला मी भर दुपारी वर आले होते. त्यांच्या नव्या उंबऱ्यावर उभं राहून घड्या दाखवत होते, तेवढ्यात डंपर गल्लीत वळला. मागे रोलर. डंपर फांदीपाशी थांबला आणि त्यातून एक माणूस चक्क खाली उतरला. डोक्याला रुमाल, पायात गमबूट. मी साड्या वहिनींच्या अंगावर टाकून धावले.

"मी साळुंके, मुकादम," तो म्हणाला. "ताई, किती दिवस शोधतोय हो हा खड्डा. आज लांबूनच लाल चिंधी दिसली."

"इथं खड्डा नाही," मी म्हटलं आणि फांदीच्या पुढे उभी राहिले.

"मग ही फांदी?"

"शेवगा आहे. लावलाय."

"रस्त्यात?"

"मग कुठं लावू? जागा ठेवलीय का कुठं?"

त्यानं पानं चिमटीत धरून बघितली. "लागलाय छान," तो म्हणाला. माझ्या बाजूनं वाकून मागे बघायला त्याला संकोच वाटत असावा. सज्जन माणूस होता. "बरं. मग आढळला नाही असं कळवतो." त्यानं डंपरवाल्याला हात केला आणि डंपरचं इंजिन सुरू झालं.

"अहो," खालून नानांचा आवाज आला. "इथं आहे. इथं, इथं."

मुकादम थांबला. मला बाजूला न करता, बाजूनं येऊन काठाशी उकिडवा बसला.

"तक्रारदार का?" त्यानं खाली विचारलं.

"हो, मीच. जागेवर आहे."

"वा," मुकादम म्हणाला. त्याला मनापासून आनंद झालेला दिसला. "कुणी नसतंच हो जागेवर."

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं. "ते खाली आहेत. आमचं घर आहे खाली. तुम्ही टाकायला लागलात तर ते…"

"आहेत ना? मग झालं तर, ताई. नसते तर तक्रार बंद करावी लागली असती."

त्याच्या बोलण्यात चूक कुठं होती ते मला त्या वेळी दिसत होतं, पण शब्दांत धरायला गेले की ती निसटत होती. मी शिडी धरली आणि खाली ओरडले, "नाना, वर या. आत्ताच्या आत्ता."

नाना खिडकीतून मान बाहेर काढून वर बघत होते. उजेडानं डोळे बारीक झाले होते. त्यांना इतकं खुशीत मी आई असतानाच काय ते पाहिलं होतं.

"मी जागेवर नको का?" ते म्हणाले.

"नको. या तुम्ही."

"कुमे, बाजूला हो, त्यांना काम करू दे. काम झालं की येतो."

मी शिडीच्या पहिल्या दांड्यावर पाय ठेवला. मागून लोहोकरेवहिनींनी माझा दंड धरला. "अहो, पोळेल," त्या म्हणाल्या. मुकादमानं शेवग्याची फांदी उपटून माझ्या हातात दिली. आता हिची गरज नाही, म्हणाला. डंपर मागे आला, त्याची पाठ उचलली गेली. खडी जाताना मोठा आवाज झाला, डांबर जाताना झालाच नाही. शिडीची दोन टोकं वर राहिली होती, ती रोलरनं आत घेतली. मी ओरडत होते बहुतेक. रोलर थांबल्यावर मला माझा आवाज ऐकू आला आणि मी थांबले.

रस्ता सपाट झाला. आमच्या गल्लीचा रस्ता इतका चांगला मी कधी पाहिला नव्हता.

"बरं झालं बाई, बुजला एकदाचा," लोहोकरेवहिनी म्हणाल्या. "ह्या बुधवारी चहा तुमच्याकडे."

मी त्या जागेवर पालथी झोपले. डांबर गरम होतं, गाल भाजत होता. कान टेकवला. आधी वरचे थर आले, नुसते हॉर्न. मग मोटारसायकली, मग रिक्षा. मागे कुणीतरी गाडी आणून उभी केली होती आणि हॉर्न देत होतं. मी पाय आखडून घेतले. गाडी गेली.

खूप खाली नानांचा फोन वाजला. वाजत राहिला, मग थांबला. कॉर्पोरेशनमधली बाई बोलायला लागली. शब्द कळत नव्हते, पण ते मला पाठ होते.

मग नानांनी मला कधी ऐकू दिला नव्हता त्या थरातून एक स्कूटर आली. लांबून आली, हळूहळू मोठी होत बरोबर माझ्या कानाखाली आली. ती कुठंही न अडखळता सरळ पुढे गेली आणि डब्याचं झाकण वाजलं नाही.

बाई थांबली होती. नानांनी जरा वेळ घेतला.

"एक," फोन म्हणाला.